साळवेच्या वहीतलं वजा

पाथर्डीकडे हौसेनं कुणी जात नाही. पाथर्डीकरांनी रागावू नये, पण पुण्याच्या स्टँडवर मी तिकडच्या गाड्यांची चौकशी केली, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि ‘बदली झाली का?’ असं विचारलं. बदली व्हायला आधी नोकरी लागते. माझी तर सहा वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती, म्हणून निघालो होतो.

आधी भानगड काय ते सांगतो, नाहीतर या प्रवासात मी इतका का तडफडत होतो ते कळायचं नाही. मी गुरुत्वाकर्षणावर संशोधन करतो. सध्या जो सिद्धांत सगळे मानतात, त्यात विश्वाला मागे मागे नेलं की एका क्षणी सगळं अनंत होतं आणि गणित हात टेकतं. तर त्या सिद्धांतात थोडी डागडुजी करायची, एखादं पद वाढवायचं आणि हे टळतं का बघायचं, हे आमचं काम. आमच्या सुधारित समीकरणात विश्व आकसत आकसत एका लहानशा आकारापाशी थांबायचं आणि पुन्हा फुगायचं. दिसायला फार देखणं होतं हो. पण अशा प्रत्येक डागडुजीला एक परीक्षा द्यावी लागते. काहीही नसलेलं रिकामं अवकाश घ्यायचं आणि त्याला हलकीच टिचकी मारायची. सिद्धांत धड असला तर ते जरासं थरथरतं आणि तेवढंच थरथरत राहतं. धड नसला तर ती थरथर वाढत जाते, दुपटीनं, चौपटीनं, आणि निमिषात सगळं उधळतं. असलं विश्व कागदावरसुद्धा उभं राहत नाही.

आमचा सिद्धांत या परीक्षेत पास झालेला होता. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणजे तीच परीक्षा, अकरा पानांची. पुढची चार प्रकरणं तिच्यावर उभी. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी मिळत नाही. आणि आदल्या शनिवारी कॉम्प्युटरवर शेवटची एक आकडेमोड करताना थरथर वाढायला लागली. मी प्रोग्रॅम तपासला. पुन्हा तपासला. रविवार गेला, सोमवार गेला, प्रोग्रॅममध्ये काही सापडेना. मग संशय पहिल्या प्रकरणावर गेला.

ती अकरा पानं मूळची माझी नव्हती. ती मिलिंद साळवेची. आम्ही दोघं एकाच सरांकडे होतो. तीन वर्षांपूर्वी वडील आजारी पडले म्हणून साळवे पीएच. डी. सोडून गावी गेला आणि तिथल्या हायस्कुलात गणित शिकवू लागला. त्याच्या वहीतल्या अकरा पानांची झेरॉक्स माझ्याकडे राहिली. सर म्हणाले, जाऊन मूळ वही बघून या, चूक तिथेच असणार. मलाही तसंच वाटत होतं. साळवेचं कुठेतरी चुकलेलं असावं, आणि ती चूक अशी असावी की दुरुस्त केल्यावर माझं सगळं जिथल्या तिथे राहावं! माणूस देवाकडेसुद्धा इतकं नेमकं मागत नाही.

मंगळवार : सुपा आणि सावेडी

गाडी सुप्याला पंक्चर झाली. एरवी मी वैतागलो असतो, पण त्या दिवशी मला उशीर झालेला हवाही होता आणि नकोही होता. रस्त्याच्या कडेला एमआयडीसीतल्या कामगारांची चहाची टपरी होती. निळ्या युनिफॉर्ममधला एक फिटर शेजारी येऊन बसला आणि माझ्या मांडीवरच्या फायलीत डोकावून हे काय म्हणून विचारू लागला. मी गुरुत्वाकर्षण म्हटलं. ‘म्हंजे वजन,’ असं स्वतःचं समाधान करून घेऊन त्यानं आपली कहाणी सांगितली. त्यांच्याकडे मागच्या आठवड्यात तीन दिवसांचा सगळा माल रिजेक्ट झाला होता. चौकशीअंती दोष रात्रपाळीचा निघाला. त्यांच्याकडे दोष नेहमी रात्रपाळीचाच निघतो, असं तो अगदी सहज म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं का वाटलं याचा मी त्या वेळी विचार केला नाही. नादात फाईल बाकावर ठेवली, तिच्यावर कुणाचा तरी चहा सांडला आणि तिसऱ्या प्रकरणाला तपकिरी किनार आली.

नगरला पोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. सावेडीला माझी मावशी राहते. आमच्या पुण्यात दुपारी दोनला कुणाच्या दाराची बेल वाजवणं म्हणजे संबंध तोडायची तयारी ठेवणं. मी कोपऱ्यावर रिक्षा सोडून चार वाजेपर्यंत उन्हात उभं राहायचा विचार करत होतो, तेवढ्यात मावशीनंच गच्चीवरून पाहिलं आणि, रस्त्यात काय उभा आहेस, भूत दिसलं का, म्हणून ओरडली. ती वाळत घातलेले कपडे काढायला आली होती. पाच मिनिटांत माझ्यापुढे ताट आलं. शेजारची बाईही येऊन बसली, आणि माझं वय, शिक्षण आणि लग्न न झाल्याची कारणं दोघींनी माझ्यासमोर माझ्याशिवाय चर्चून संपवली.

मावशी मात्र हुशार आहे. जेवण जात नाही हे तिनं पाहिलं आणि काय झालं ते काढून घेतलं. सगळं ऐकून तिनं विचारलं, त्या मुलाला येतोय म्हणून पत्र टाकलंस का? मी टाकलं म्हणालो. साफ खोटं. तीन वर्षांत मी साळवेला एक ओळ लिहिली नव्हती. आणि आता कळवायचं नव्हतं ते अशासाठी, की मी कशासाठी येतोय ते त्याला समजायच्या आत मला वही हातात हवी होती. हे लिहितानाही कान तापतात, पण होतं ते असं होतं.

बुधवार : करंजीचा घाट आणि पुढे

पाथर्डीची एसटी भरून गेली, म्हणून जीपनं निघालो. माझी फाईल ड्रायव्हरनं टपावर टाकली, दोन गोणी आणि एका सायकलीच्या सोबतीला. मी नको नको म्हणत होतो, पण आत अकरा माणसं झाल्यावर बाराव्याच्या मताला किंमत नसते. करंजीच्या घाटात वळणावर वारा लागला आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘अहो, कागद चालले!’ माझं पाचवं प्रकरण दरीच्या दिशेनं निघालं होतं.

जीप थांबली. मी थिजून बसलो होतो. बाकी सगळे उतरले. नऊवारीतली एक बाई काटेरी झुडपात शिरून दोन पानं घेऊन आली. एका म्हाताऱ्यानं टोपीखाली चार दाबून आणली. उघडे डोंगर, पिवळं पडलेलं गवत, आणि त्या उतारावर माझी समीकरणं गोळा करत फिरणारे नऊ-दहा अनोळखी लोक. कुणी चिडलं नाही, कुणी घड्याळ पाहिलं नाही. पुण्यात याच कामाला आधी कुणाची चूक ते ठरवावं लागलं असतं. पानं लावून बघितली, सगळी होती. म्हाताऱ्यानं मग फाईल माझ्या हातातून घेतली, बुडाखाली ठेवली आणि पाथर्डीपर्यंत तिच्यावर बसून आला. ‘आता न्हाई उडत,’ म्हणाला.

कागद आणून देणाऱ्या बाईनं मला कुणाकडे जायचं ते विचारलं. साळवे मास्तर म्हटल्यावर जीपमधल्या तिघांना तो माहीत होता. ‘लई सरळ मानूस हाय,’ ती म्हणाली. ‘आमी कारखान्यावर गेल्तो तर आमच्या पोरीला त्यांनी घरी ठिवून घेतलं, साळा बुडू न्हाई म्हनून.’ मी मान डोलावली. मला सरळ माणूस नको होता. मला चुकलेला माणूस हवा होता.

साळवेचं गाव पाथर्डीच्या पुढे दहा-बारा मैलांवर आहे. नाव देत नाही, त्याला आवडायचं नाही. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला. निम्म्या घरांना कुलपं आणि ओट्यांवर म्हातारी माणसं. शाळेत गेलो तर आठवीचा वर्ग चालला होता आणि निम्मे बाक रिकामे होते. मला दारात पाहून साळवेचा खडू थांबला. त्यानं हसून मागच्या बाकाकडे बोट केलं आणि पुढचं गणित सुरू केलं. मी आठवीच्या बाकावर गुडघे अडकवून पाऊण तास बसलो. तो किती सावकाश शिकवत होता! एका मुलीनं उत्तर चुकीचं सांगितलं, तर तो तिच्या बाकापाशी गेला आणि हे कसं आलं ते विचारत राहिला. ती सांगत होती आणि तो खरंच ऐकत होता. मला घाई झाली होती. मनात म्हटलं, अरे चूक आहे, सांग आणि सुटका कर.

घरी त्याची आई होती. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, हे मला तिथे कळलं. जयभीम म्हणून तिनं मला पाट दिला, पुण्याचे पाहुणे म्हणून कौतुकानं बघितलं आणि हुलग्याचे शेंगोळे वाढले. शेंगोळे मी पहिल्यांदा खाल्ले. हुलग्याच्या पिठाचे बोटाएवढे वळे, लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेले, आणि सोबत बाजरीची भाकरी. आमच्याकडे पाहुण्याला अजून हवंय का असं विचारतात आणि पाहुणा नको म्हणतो. इथे विचारायची पद्धत नाही, वाढतात. चार दिवस अन्न न गेलेला मी तीन वाट्या जेवलो. जेवता जेवता वहीचा विषय काढला. माझा आवाज मलाच चोरटा वाटला.

साळवेनं माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली. मग म्हणाला, ‘आहे वही. आज दमलायस. सकाळी बघू.’

सकाळी! शुक्रवारला एक दिवस उरला होता आणि हा सकाळी म्हणतोय. पण दुसऱ्याच्या घरात, त्याच्या आईसमोर, काय बोलणार? झोपलो. म्हणजे आडवा झालो.

गुरुवार : वही

वही पत्र्याच्या पेटीत होती, खाकी कव्हर घातलेली. साळवेनं ती माझ्यापुढे ठेवली आणि तो चहा आणायला आत गेला. मी पहिलं पान उघडलं. हे पान मी कधी पाहिलेलं नव्हतं. झेरॉक्स काढताना मी फक्त समीकरणांची पानं घेतली होती, दोन ते बारा. पहिल्या पानावर काही गणित नव्हतं, म्हणून सोडलं होतं.

त्यावर ठळक अक्षरात एक नियम लिहिलेला होता, एवढंच.

हा नियम सांगायला हवा. आमच्या शास्त्रात काळ आणि अवकाश एकाच मापात धरतात, पण दोघांची चिन्हं उलट. एकाला अधिक दिलं तर दुसऱ्याला वजा. वजा काळाला द्यायचं की अवकाशाला, ते ज्याचं त्यानं ठरवावं, दोन्ही बरोबर. फक्त एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच चालवायचं. आमच्या डिपार्टमेंटात वजा अवकाशाला. ते इतकं अंगवळणी पडलेलं, की कुणी लिहूनही ठेवत नाही. साळवे ज्या पुस्तकावरून शिकला होता, त्यात वजा काळाला होतं. त्यानं ते पहिल्याच पानावर नोंदवून ठेवलं होतं, वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून.

मी माझी झेरॉक्स काढली आणि बाराव्या पानाशेजारी ठेवली. शेवटच्या समीकरणात तीन पदं होती. पहिलं काळाचं, दुसरं अवकाशाचं, तिसरं आमच्या डागडुजीतून आलेलं. वहीत काळापुढे वजा होतं. माझ्या झेरॉक्सवर ते लाल पेनानं खोडून अधिक केलेलं होतं. अवकाशापुढचं अधिक खोडून वजा केलेलं. तिसऱ्याला हात लावलेला नव्हता. लाल पेन माझं.

पहिली दोन चिन्हं फिरवली तर तिसरंही फिरवायलाच हवं. एखाद्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. मी फिरवलं नव्हतं, कारण मी काही नियम बदलतोय असं मला वाटलंच नव्हतं; मला वाटलं होतं, साळवेची दोन चिन्हं चुकलीत. आणि तिसरं तसंच राहिल्यामुळे त्याच्या वहीत वाढत जाणारी थरथर माझ्या कागदावर शहाण्यासारखी जागच्या जागी डोलू लागली. सिद्धांत पास. त्यावर माझी तीन वर्षं.

पान उलटलं. तेराव्या पानावर साळवेनं मराठीत तीनच शब्द लिहिले होते आणि खाली रेघ मारली होती: हे टिकत नाही.

तो चहा घेऊन आला तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यानं दोन्ही कागदांकडे पाहिलं. लाल पेन तोही पहिल्यांदाच बघत होता. आणि मी विचारू नये ते विचारलं, की तू तेव्हाच बोलला का नाहीस?

‘बोललो की,’ तो म्हणाला. ‘आधी सरांना सांगितलं. ते म्हणाले, कुलकर्णींना दाखवा, त्यांची नजर चांगली आहे. मग तुला दाखवलं. कॅन्टीनच्या मागे उभे होतो आपण. मी म्हटलं, हे टिकत नाही. तू म्हणालास, बघतो.’

मला सगळं आठवलं. कॅन्टीनमागची ती भिंतसुद्धा आठवली. त्याच संध्याकाळी मी लाल पेन घेऊन बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं होतं, तुझी चिन्हं गडबडली होती, मी नीट केली, टिकतंय. तो ‘बरं’ म्हणाला होता. त्या ‘बरं’चा मी काय अर्थ घेतला? चूक कळली, असा.

‘मग भांडायचंस ना माझ्याशी,’ मी म्हणालो.

‘भांडलो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला ठाऊक होतं,’ साळवे म्हणाला. ‘मी वाट बघितली. तू एकदा विचारशील, की हे वजा इथं का आहे. एवढंच विचारलं असतंस तर पहिलं पान दाखवलं असतं. महिनाभर बघितली वाट. मग वडलांचं निघालं.’

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. खरं काय ते लिहितोच. त्याच कागदावर सरांचं अक्षर असतं, किंवा आमच्यातल्याच एखाद्या गोखल्याचं, तर ते वजा मी दहादा तपासलं असतं. मला आधी स्वतःची शंका आली असती. साळवे राखीव जागेवर आलेला होता. डिपार्टमेंटात हे कुणी मोठ्यानं म्हणत नसे आणि कुणी विसरतही नसे. मी स्वतःला त्यातला समजत नव्हतो. पण ते लाल पेन माझ्याच हातातलं होतं.

लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. आणि त्या लाजेच्या खाली, काय सांगू, शुक्रवारची भीती तशीच चालू होती.

साळवेनं वही स्वतःकडे ओढली आणि मला पुढचं समजावलं, कालच्या मुलीला समजावलं तितक्याच सावकाश. डागडुजीच्या पदाचंच चिन्ह उलटं घेतलं तर थरथर आवरते, सिद्धांत धड होतो. पण मग विश्व आकसायचं थांबत नाही, पुन्हा अनंताकडेच जातं. ज्यानं आरंभ सुधारतो, त्यानंच रिकामं अवकाश ढासळतं. आमच्या या प्रकारात दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी म्हटलं, मग माझ्याकडे उरलं काय?

‘हेच उरलं,’ तो म्हणाला. ‘असं होऊ शकत नाही, हे लिही. तेही कुणाला तरी कळायला पाहिजे.’

गावात फोन नव्हता. आम्ही दोघं जीपनं पाथर्डीला आलो. त्याला नववीचा तास होता, पण तो आला. वाटभर डोकं चालू होतं, आणि ते काय म्हणत होतं तेही सांगतो. परीक्षक पहिलं प्रकरण पुन्हा सोडवून बघत नाहीत. सरांनीसुद्धा तीन वर्षांत बघितलं नव्हतं. प्रबंध उद्या दिला तर कुणाला काही कळणार नव्हतं. कळलेला एकटा साळवे, आणि तो बोलणार नव्हता, जसा त्या ‘बरं’नंतर इतकी वर्षं बोलला नव्हता. नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती.

स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये एकच माणूस मावत होता. साळवे बाहेर, काचेपलीकडे, माझी फाईल छातीशी धरून उभा राहिला. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे त्याला सगळं ऐकू जाणार होतं. नंबर तिसऱ्यांदा लागला. सरांनी स्वतःच उचलला.

त्यांना माझा आवाज ऐकून हायसं वाटलेलं दिसलं. बाइंडर संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहे, म्हणाले. सापडली का साळव्यांची चूक?

मी म्हणालो, ‘साळवेची चूक नाही, सर. त्याचं सगळं बरोबर आहे. चिन्हं मी फिरवली. सिद्धांत टिकत नाही. मी उद्या प्रबंध देत नाही.’

मग सर हळूच, पण थोडे चिडूनच म्हणाले, ‘अहो, मग ते साळवे तेव्हाच का नाही बोलले?’

मी काचेतून बाहेर पाहिलं. साळवे माझ्याकडेच बघत होता.

‘बोलला होता, सर,’ मी म्हणालो. ‘तुमच्याशी आणि माझ्याशी. दोघांशीही.’